स्लॅब सेरिफ अक्षरं: दुकानाच्या पाटीपासून जत्रेच्या पोस्टरपर्यंत

फोंड्याजवळच्या एका बेकरीची पाटी हे मी पैसे घेऊन केलेलं पहिलं काम. वर मराठीत नाव, खाली तेच इंग्रजीत. दोन्हीकडे मी हाताला लागतील तेवढी जाड अक्षरं घेतली. संगणकावर ती ठसठशीत दिसत होती. पाटी चढली, मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले, आणि दिसले ते एकाखाली एक असे दोन काळे पट्टे. बेकरीवाले काका शेजारी येऊन बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाये, नांव खंय आसा?"

ती पाटी मी पदरमोड करून पुन्हा करून दिली. तेव्हापासून हेच काम करते आहे: दुकानांच्या पाट्या, जत्रेतल्या नाटकांची पोस्टरं, देवस्थानांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका. इंग्रजी मजकुरासाठी मी सगळ्यांत जास्त वेळा स्लॅब सेरिफ अक्षरांकडे वळते. गोव्यात पाटीवर बहुतेक वेळा दोन लिप्या शेजारी नांदतात, आणि देवनागरीशी या अक्षरांइकतं चांगलं दुसऱ्या कुठल्या रोमन अक्षरांचं जमत नाही. पण ते जमवून आणावं लागतं. नव्याने डिझाइनच्या कामाला लागलेल्यांसाठी, आणि स्वतःच्या दुकानाची पाटी स्वतःच करू पाहणाऱ्यांसाठीही, ते कसं जमवायचं हे इथे क्रमाने लिहिते.

१. आधी अक्षर ओळखायला शिका

रोमन अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. पुस्तकातल्या नेहमीच्या अक्षरांत हे पाय टोकाकडे निमुळते होत जातात. स्लॅब सेरिफमध्ये तसं होत नाही. तिथे पाय म्हणजे सरळ, सपाट, जाड पट्टी असते, आणि तिची जाडी उभ्या दांड्याच्या जवळपास असते. कौलारू घर पाडून स्लॅबचं घर बांधलं असं आपण म्हणतो ना, तोच हा स्लॅब.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कॅपिटल 'आय'. तो बांधकामाच्या लोखंडी गर्डरसारखा दिसला तर अक्षर स्लॅब सेरिफ आहे. मग पायाचा आणि दांड्याचा कोपरा पाहा. काटकोनात तुटलेला आहे, की आतून गोलाई देऊन सांधलेला आहे? या एका कोपऱ्यावरून अक्षराचं कूळ कळतं, आणि पुढे निवड करताना त्याचाच उपयोग होतो.

२. ही अक्षरं का जन्मली ते समजून घ्या

इतिहास वगळून थेट फॉन्ट डाउनलोड करण्याचा मोह होईल. करू नका. ही अक्षरं ज्या कामासाठी घडवली गेली ते काम तुमच्यासमोरच्या कामाशी थेट जुळणारं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले छपाईचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, मुख्यतः पुस्तकांसाठी ओतले जात. पुस्तक हातात धरून, वीतभर अंतरावरून वाचायचं असतं. मग लंडनमध्ये कारखाने आले, गर्दी आली, सोडतीच्या, घोडागाड्यांच्या, नाटकांच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या. भिंतीवरचं अक्षर चालता चालता वाचायचं असतं. पुस्तकी अक्षर नुसतं मोठं केलं तर त्याच्या बारीक रेषा लांबून पुसून जातात. आधी छापखान्यांनी उभे दांडे फुगवून पाहिले, पण बारीक रेषा बारीकच राहिल्या. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या ओतकामवाल्याने पायही जाड केले, आणि त्या अक्षरांना 'अँटिक' म्हटलं. आज उपलब्ध असलेल्या नमुन्यांत हा पहिला स्लॅब सेरिफ मानतात.

या अक्षरांना 'इजिप्शियन' असंही म्हणतात. त्यांचा इजिप्तच्या लिपीशी संबंध नाही. नेपोलियनची इजिप्तवरची मोहीम १७९८ ते १८०१ या काळातली. रोझेटाचा शिलालेख १७९९ मध्ये सापडला, आणि त्यानंतर युरोपात कपड्यांपासून खुर्च्यांपर्यंत इजिप्तचं वेड पसरलं. नव्या, जाडजूड अक्षरांना तेच नाव चिकटलं. १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनने ज्या अक्षरांना 'इजिप्शियन' म्हटलं त्यांना तर पायच नव्हते. १८२१ मध्ये विल्यम थॉरोगुडने रॉबर्ट थॉर्नच्या फाउंड्रीतली, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यातली, स्लॅबची अक्षरं याच नावाने बाजारात आणली, आणि मग हे नाव स्लॅबवर पक्कं झालं.

हे १८२१ साल माझ्या लक्षात राहतं ते आपल्या इथल्या एका गोष्टीमुळे. भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात, १५५६ मध्ये सुरू झाला. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली छपाई बंद पडली, ती पुन्हा सुरू झाली १८२१ मध्ये, 'गाझेता द गोवा' या सरकारी वृत्तपत्राबरोबर. म्हणजे लंडनच्या भिंतींवर जाड अक्षरं चढत होती तेव्हा गोव्यात दीडशे वर्षांनी पहिल्यांदा खिळ्यांना शाई लागत होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्ती मिशनरी फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्या राचोलला छापलं गेलं तेव्हा देवनागरी खिळे नव्हते, म्हणून ते मराठी काव्य रोमन अक्षरांत छापावं लागलं. एका भाषेसाठी दोन लिप्या हा प्रश्न गोव्यात चारशे वर्षं जुना आहे. आज तुमच्या संगणकात दोन्ही लिप्या आहेत. त्या शेजारी नीट बसवणं एवढंच आपलं काम उरलं आहे.

पुढचा मोठा टप्पा १८४५ चा. रॉबर्ट बेझली यांच्या लंडनच्या फाउंड्रीसाठी बेंजामिन फॉक्स या कारागिराने 'क्लॅरेन्डन' कोरला. यात पाय जाडच, पण कोपरे गोलाईने सांधलेले. तो भिंतीसाठी नव्हता. त्या काळी एकाच अक्षराचा साधा आणि ठळक असा जोड मिळत नसे. शब्दकोशात शब्द ठळक हवा आणि अर्थ साधा हवा, तर ठळक शब्दासाठी हा क्लॅरेन्डन वापरू लागले. नव्या कायद्याखाली त्याला तीन वर्षांचं संरक्षण मिळालं होतं. मुदत संपताच इतरांनी त्याच्या नकला भराभर काढल्या.

अमेरिकेत डेरियस वेल्सने १८२७ मध्ये यंत्राने लाकडी खिळे कापायला सुरुवात केली. शिशाचा मोठा खिळा जड आणि महाग असतो, थंड होताना वाकडाही होतो. लाकडी खिळा हवा तेवढा मोठा कापता येतो. सर्कशीची आणि नाटकांची प्रचंड पोस्टरं त्यामुळे शक्य झाली, आणि लाकडात टिकतील अशी अक्षरं म्हणून स्लॅब घरोघर पोचला. बारीक रेषेचं अक्षर लाकडात लगेच तुटतं. ही गोष्ट ॲक्रिलिक कापताना आठवा.

३. कुळं लक्षात ठेवा

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. पाच कुळं डोक्यात राहिली तरी पुरे.

पहिलं, तुटक कोपऱ्याचं आणि कंपासपट्टीने आखल्यासारखं. १९२९ चा मेम्फिस आणि १९३४ चा मोनोटाइपचा रॉकवेल हे त्याचे नमुने. यांत 'ओ' जवळपास गोल असतो आणि सगळ्या रेषा एकाच जाडीच्या. याच काळातला सिटी हा फॉन्ट चौकोनी वळणाचा आहे. डिझायनर पॉल रँड यांनी १९५६ मध्ये आयबीएमचं बोधचिन्ह त्यावर आधारून केलं. त्याला आडव्या आठ पट्ट्या पडल्या त्या १९७२ मध्ये.

दुसरं, क्लॅरेन्डनचं गोल कोपऱ्याचं कूळ. याच्यात माया आहे, असं मी म्हणते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या फलकांवर हाच अनेक वर्षं होता.

तिसरं, टाइपरायटरचं. न्यायालयाबाहेर प्रतिज्ञापत्रं टंकून देणाऱ्यांच्या यंत्रावरची अक्षरं डोळ्यांसमोर आणा. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. अशा वेळी लहान 'आय' किंवा 'एल' त्या जागेत हडकुळे दिसतात. त्यांना लांब पाय दिले की जागा भरते. म्हणून टाइपरायटर आणि स्लॅब यांचं नातं जुळलं. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५५ च्या सुमारास केलेला कुरियर हा यातला सगळ्यांत ओळखीचा. कंपनीने त्यावर हक्क राखून ठेवला नाही, म्हणून तो सगळ्या संगणकांत पोचला.

चौथं, उलट्या जाडीचं. यात उभे दांडे बारीक आणि पाय अवाढव्य असतात. काउबॉयच्या सिनेमातली 'पकडून द्या'ची पोस्टरं म्हणजे हीच अक्षरं. किनाऱ्यावरच्या शॅकसाठी ही सारखी मागितली जातात. एका शब्दापुरती चालतात. मेनूकार्डाच्या मजकुराला लावली तर कोणी वाचणार नाही.

पाचवं, पुस्तकी. हातात लेखणी धरल्यासारखं वळण, पण पाय सपाट. १९९० चा सेसिलिया हा फॉन्ट सुरुवातीच्या किंडलवर होता. तेव्हाचे पडदे खडबडीत होते, बारीक रेषा त्यांच्यावर टिकत नसत, सेसिलियाच्या रेषा टिकल्या.

४. हाताशी काय काय हवं

संगणकावर वेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा फुटत नाहीत अशी फाइल, करता येईल असं सॉफ्टवेअर लागेल. बहुतेक फ्लेक्सवाले कोरल ड्रॉ वापरतात. ते परवडत नसेल तर इंकस्केप फुकट आहे आणि युनिकोड देवनागरी, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच उघडणारी देवनागरी, नीट हाताळतं. शिवाय मोजपट्टी, मोबाइलचा कॅमेरा आणि प्रिंटरवर काढलेले दोन-चार ए-फोर कागद.

कागदपत्रांत या गोष्टी आधीच मागून घ्या:

- दोन्ही लिप्यांतलं नाव, ग्राहकाने स्वतःच्या हाताने लिहून सही केलेलं. तोंडी सांगितलेलं नाव कधी घेऊ नका. एकाच गावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे लिहिणारे लोक आपल्याकडे आहेत.
- दुकानाच्या परवान्याची किंवा नोंदणीची प्रत. पाटीवरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे.
- पाटी लावायला लागणारी पंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी. ती ग्राहकाने काढायची, पण आकार काय मंजूर झाला ते तुम्हाला आधी कळायला हवं.
- नाटकाचं पोस्टर असेल तर कलाकारांच्या नावांची क्रमवार यादी, मंडळातल्या जबाबदार माणसाच्या सहीची. जत्रेच्या नाटकात नावांच्या क्रमावरून माणसं दुखावतात.
- फॉन्टच्या परवान्याची फाइल. डाउनलोडबरोबर येते, ती कामाच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते. फॉन्ट हा कोणीतरी महिनोन्महिने बसून केलेला माल आहे. गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली येतात, धंद्याच्या कामात बिनदिक्कत वापरा. रॉकवेल मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या पॅकेजबरोबर अनेक संगणकांवर येतो, पण त्या परवान्यात काय बसतं हे वाचून मगच तो बोधचिन्हात घ्या. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेला फॉन्ट घेऊ नका.

५. जागेवर जाऊन या

ग्राहकाच्या घरी बसून पाटी ठरवायची नाही. पाटी जिथे लागणार तिथे उभं राहा, मग जिथून माणसं पाहणार तिथे जा, आणि अंतर मोजा. पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा: दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच अक्षराची उंची. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. गाडीतून दीडशे फुटांवरून वाचायचं तर पंधरा इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजा; वेलांट्या आणि उकार यात धरू नका, ते वेगळी जागा मागतात.

फोटो काढा, सकाळी एक आणि दुपारी एक. समोर माड किंवा विजेचा खांब आहे का, पावसाळ्यात फांद्या कुठवर येतात, उन्हाची चमक कुठून पडते, हे फोटोतच कळतं.

समुद्राजवळ असाल तर धातूच्या अक्षरांचं आधीच बोलून घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड काही पावसाळ्यांत गंजतं आणि भिंतीवर तपकिरी ओघळ उतरतात. स्टीलच घ्यायचं तर ३१६ दर्जाचं मागा, ते मिठाला जास्त दाद देत नाही. आणि इथे स्लॅबचा एक सरळ फायदा आहे: पाय जाड असल्यामुळे प्रत्येक अक्षर भिंतीवर किमान दोन ठिकाणी भक्कम बसवता येतं.

६. कामाप्रमाणे फॉन्ट निवडा

हार्डवेअर, वर्कशॉप, बांधकाम साहित्य, जिम: तुटक कोपऱ्याचं कूळ. रोबोटो स्लॅब घ्या, त्यात बारीकपासून अतिजाडपर्यंत नऊ वजनं आहेत, आणि पुढच्या पायरीत ती सगळी कामाला येतील. आर्वोही चांगला, पण त्यात साधं आणि ठळक एवढंच.

बेकरी, खाणावळ, फेणीचं किंवा काजूचं दुकान, होमस्टे: क्लॅरेन्डनच्या वळणाचं काहीतरी. कोपऱ्यातल्या गोलाईने अक्षराचा रागीटपणा जातो. पणजीच्या फोंताइन्यासमधल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरात दुकान असेल तर मी तुटक कोपऱ्याचा फॉन्ट कधीच लावणार नाही. तिथल्या अझुलेजो फरशांवरची निळी अक्षरं हाताने काढलेली आहेत, त्यांच्याशेजारी गर्डर ठेवल्यासारखं होईल.

नाटकाचं पोस्टर: नाटकाचं नाव मराठीतच असणार, तेव्हा तिथे स्लॅबचा प्रश्नच नाही. इंग्रजी येतं ते तारीख, वेळ, प्रायोजक यांच्यापुरतं. तिथे जाड स्लॅब वापरलात तर प्रायोजकाचं नाव नाटकाच्या नावावर चढतं. मध्यम वजन पुरतं. अल्फा स्लॅब वन हा अतिजाड फॉन्ट फक्त एखाद्या आकड्यासाठी, तारखेसाठी ठेवा.

स्मरणिकेचा किंवा पुस्तिकेचा इंग्रजी मजकूर: बिटर किंवा झिला स्लॅब. झिला स्लॅब मोझिलाने २०१७ मध्ये स्वतःसाठी करून घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. स्वस्त कागदावर शाई पसरते, तरी यांच्या रेषा बुजत नाहीत.

लग्नपत्रिकेला स्लॅब नको. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा पत्रिका निविदा सूचनेसारखी दिसली.

७. देवनागरीशी सांधा जुळवा

बेकरीच्या पाटीवर माझं चुकलं ते इथे, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

रोमन अक्षर ज्या लेखणीतून आलं तिच्यात उभ्या रेषा जाड आणि आडव्या बारीक होतात. आपला बोरू उलट्या बाजूने तासलेला असतो, त्यामुळे देवनागरीत आडव्या रेषांना वजन येतं, आणि सगळ्यांत ठळक आडवी रेषा म्हणजे शिरोरेषा. नेहमीच्या पुस्तकी रोमन अक्षराशेजारी देवनागरी ठेवलं की एकात आडवं बारीक, दुसऱ्यात आडवं जाड, आणि दोन माणसं दोन सुरांत गात असल्यासारखं वाटतं. स्लॅबमध्ये रोमन अक्षराच्या आडव्या रेषा जाड होतात. वर शिरोरेषा, खाली स्लॅबची पट्टी, दोन्ही आडवे आधार. म्हणून हे जमतं.

आणि म्हणूनच बिघडतंही. दोन्हीकडे आडव्या पट्ट्या आहेत, आणि दोन्ही अतिजाड केल्या की मधली पांढरी जागा संपते. अक्षर वाचलं जातं ते त्या पांढऱ्या जागेमुळे.

मी आता असं करते. आधी इंग्रजीचं वजन ठरवते. मग कॅपिटल 'आय'च्या पायावर एक चौकोन काढून त्याची जाडी वाचते. समजा ती पाऊण इंच भरली. मग देवनागरीची वजनं एकेक लावून पाहते आणि जिची शिरोरेषा पाऊण इंच किंवा त्याहून किंचित कमी भरेल ती घेते. शिरोरेषा स्लॅबपेक्षा जाड कधीच ठेवत नाही, कारण ती सलग असते, स्लॅब तुटक असतो. सारख्या जाडीची सलग रेषा डोळ्याला जास्त काळी दिसते.

उंचीचं असं: इंग्रजी कॅपिटलमध्ये असेल तर देवनागरीची शिरोरेषा कॅपिटलच्या माथ्यापेक्षा थोडी खाली आणा. इंग्रजी लहान अक्षरांत असेल तर देवनागरीचं अंग लहान अक्षरांपेक्षा उंच आणि कॅपिटलपेक्षा ठेंगणं ठेवा. दोघांना एकच पॉइंट आकार देऊन मोकळे होऊ नका.

देवनागरी फॉन्ट कुठला? रोबोटो स्लॅबमध्ये देवनागरी नाही, जोडीला मुक्ता घ्या. 'एक टाइप' या संस्थेने केलेल्या या फॉन्टला सात वजनं आहेत, त्यामुळे शिरोरेषेची जाडी जुळवता येते. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या हव्या असतील तर ग्लेगू आणि कर्मा पाहा. दोन्हींत रोमन स्लॅब आहे आणि देवनागरीही आहे. ग्लेगूत दोनच वजनं आहेत, कर्मात पाच. नवख्याने कर्मापासून सुरुवात करावी असं मी सांगेन.

फॉन्ट पक्का करण्याआधी हे शब्द टाइप करून पाहा: श्री शांतादुर्गा, विठ्ठल, लक्ष्मी, कृष्ण, दऱ्या, ॲड. 'दऱ्या'मधला अर्धा र मोडला किंवा 'ॲ'च्या जागी चौकोन आला तर तो फॉन्ट सोडा. 'ल' आणि 'श' कडे खास लक्ष द्या. अनेक फॉन्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाने येतात आणि मराठी वळण आतल्या पर्यायांत लपलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की ते वर येतं. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा आहे, त्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आणि मराठीच्या वापराचीही सोय आहे. दोन्ही भाषांच्या वाचकांना ही वळणं ओळखीची आहेत आणि चुकलेली लगेच खुपतात.

८. अंतर सैल करा

स्लॅबचे पाय बाजूला पसरतात, म्हणून अक्षरं एकमेकांना लवकर खेटतात. कॅपिटलमधल्या शब्दात थोडं अंतर वाढवा. देवनागरीत मात्र अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

दोन ओळींमध्ये जागा सोडताना खालच्या ओळीची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार आदळणार नाहीत इतकी सोडा. पाटीची उंची मंजुरीत आधीच ठरलेली असेल तर अक्षर लहान करा, जागा कापू नका.

९. फाइल छपाईला देण्याआधी

इथे नवखे सगळ्यांत जास्त अडकतात.

पहिली गोष्ट युनिकोड. छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट आहेत. त्यांत टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की भलतीच अक्षरं येतात. एका देवस्थानाच्या स्मरणिकेत माझा असा पूर्ण मजकूर रात्री दहाला पुन्हा टाइप करावा लागला. युनिकोडमध्येच काम करा. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र युनिकोडची जोडाक्षरं मोडतात, तेव्हा छापखान्यात कुठली आवृत्ती आहे ते विचारून घ्या. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर तिथेही तेच.

दुसरी गोष्ट, मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, रूपांतरित करून द्या, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलणार नाही. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. कर्व्ह केल्यावर नावात चूक सापडली तर दुरुस्ती तिथूनच करायची आहे.

तिसरी, आणि ही मला कोणी सांगितली नव्हती: विनाइल किंवा ॲक्रिलिक कापायचं असेल तर देवनागरी शब्द वेल्ड करा, म्हणजे त्याची अक्षरं सांधून एकच आकार करा. प्रत्येक देवनागरी अक्षर आपल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. पडद्यावर दिसत नाही. कापणारं यंत्र मात्र प्रत्येक सांध्यावर चिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन. त्यानंतर फक्त बाह्यरेषा दिसेल असा मोड लावून एकदा सगळं तपासा.

फ्लेक्ससाठी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात, ठेवा. मोठ्या फ्लेक्सवर फोटो पूर्ण आकारात ७२ ते १०० डीपीआय (दर इंचाला तेवढे ठिपके) असला तरी पुरतो. अक्षरं वेक्टरच राहू द्या.

१०. कागदावर काढून भिंतीला लावा

ही शेवटची पायरी टाळू नका, कितीही घाई असो. पाटीतला एक शब्द, खऱ्या आकारात, ए-फोर कागदांच्या तुकड्यांवर छापा, चिकटपट्टीने जोडा आणि जागेवर लावा. ग्राहकाला घेऊन पलीकडे जा. डोळे किंचित बारीक करून पाहा. दोन लिप्यांपैकी एक दुसरीपेक्षा काळी दिसते का? नाव एका दमात वाचलं जातं का? शक्य असेल तर काम माहीत नसलेल्या एखाद्याला, रिक्षावाल्याला, शाळेतून येणाऱ्या मुलाला, मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला त्या अक्षराकडे परत जा.

दुसऱ्या बेकरीच्या पाटीच्या वेळी मी हेच केलं. कर्माचं मधलं वजन, शिरोरेषा स्लॅबपेक्षा केसभर बारीक. पलीकडून जाणाऱ्या पोदेराने, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याने, सायकल न थांबवता नाव मोठ्याने वाचलं, आणि मी फाइल कापायला पाठवली.